कुंभार्ली घाटात गाडी कठड्याला गेली. क्लेम फॉर्मवर चालक कुणाला दाखवू?

वाशिष्ठीकाठ (धागाकर्ती), रविवार रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या विभागात असते, आज इथे यायची वेळ आली.

शनिवारी पुण्याहून चिपळूणला आईकडे निघालो होतो. गाडी माझ्या नावावर, चालवत होता धाकटा भाऊ. हेळवाक सोडून घाट उतरायला लागलो तेव्हा साडेसहा वाजले असतील. पाऊस, धुकं. एका वळणावर डोंगरावरची माती रस्त्यावर वाहून आली होती. गाडी घसरली आणि डाव्या अंगाने कठड्यावर गेली. घसरताना मागची बाजू फिरली आणि समोरून चढत येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला लागली. तो आडवा झाला, गुडघा खरचटला, आरसा फुटला. उठून उभा राहिला, पाणी प्यायला. भाऊ घाबरलेला, त्याने खिशातले दोन हजार काढून दिले, तो माणूस निघून गेला. क्रेनवाल्याने साडेचार हजार घेऊन गाडी चिपळूणच्या गॅरेजात आणून टाकली.

गॅरेजवाला म्हणतो, "मॅडम, पॉलिसी तुमच्या नावावर आहे ना, मग चालक म्हणून तुमचंच नाव टाका, प्रश्न कमी येतात. मोटारसायकलचं काही लिहू नका. आणि मागच्या उजव्या दाराला पोचा आहे तोपण यातच बसवून देतो." तो पोचा दिवाळीत सोसायटीच्या खांबाला घासून आलेला आहे.

भावाकडे लायसन्स आहे, मुदत आहे. गाडी सहा वर्षांची, पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह (दुसऱ्याचं आणि स्वतःच्या गाडीचं, दोन्ही नुकसान धरणारी), झिरो डेप (भाग जुने म्हणून होणारी कपात टाळणारी जोड) नाही. कंपनीला अजून कळवलेलं नाही. आज दुपारी त्या मोटारसायकलवाल्याच्या मेहुण्याचा फोन आला, पाय सुजलाय म्हणे. मला काही सुचत नाहीये.

काडीपेटी, रविवार रात्री १०:०५

यात विचारण्यासारखं काय आहे? गॅरेजवाला रोज दहा क्लेम करतो, त्याचं ऐका. सगळे असंच करतात. हप्ता भरताना कंपनी आपल्यावर दया दाखवते का?

जुनापंच, रविवार रात्री १०:३८

वाशिष्ठीकाठ, आत्ताच्या आत्ता पॉलिसीवरचा टोल फ्री नंबर फिरवा आणि क्लेम नोंदवा. रविवार असला तरी नोंदणी होते. क्लेम क्रमांक लिहून घ्या, मग पुढचं वाचा.

मी सर्व्हेयर होतो, म्हणजे विमा कंपनीसाठी नुकसान तपासणारा, सत्तावीस वर्षं मोडक्या गाड्या बघितल्या. चालक म्हणून भावाचंच नाव लिहा. तुमच्या परवानगीने, चालू लायसन्सवर दुसरं कुणी गाडी चालवत असेल तर पॉलिसी त्याला आडवी येत नाही. म्हणजे तुमचा क्लेम मुळात सरळ आहे, खोटं लिहून तो वाकडा करायचा सल्ला तुम्हाला मिळालाय. उद्या तो मोटारसायकलवाला पोलिसांत गेला आणि जबाबात म्हणाला की "एक पोरगा चालवत होता, बाजूला बाई बसल्या होत्या", तर फॉर्मवरची तुमची सही तुमच्याच विरोधात उभी राहील. मग गाडीचा क्लेम जाईलच, शिवाय त्या माणसाने भरपाई मागितली तर तिथेही कंपनी तुमच्याकडे बोट दाखवेल.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. पॉलिसीत १५ लाखांचा जो सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा असतो तो फक्त गाडीच्या मालकासाठी असतो, दुसऱ्या चालकाला लागू होत नाही. भावाला काही लागलं असेल तर ते त्याच्या स्वतःच्या आरोग्य विम्यात जाईल.

दाराच्या पोच्याबद्दल. आम्ही लोक पंचनाम्याला आल्यावर आधी धक्क्याची दिशा बघतो. तुमची गाडी डाव्या अंगाने पुढून आदळली, मग मागचं उजवं दार का दबलं? दिवाळीतल्या पोच्यात धूळ बसलेली असते, कडेला गंजाची तांबूस रेघ असते. कालच्या मारात पत्रा चकचकीत दिसतो. हे ओळखायला सत्तावीस वर्षं लागत नाहीत, सहा महिन्यांत शिकतो माणूस. आणि एकदा एक गोष्ट खोटी सापडली की खऱ्या गोष्टींकडेही आम्ही भिंग लावून बघायचो. तो पोचा वेगळी घटना आहे, त्याचा वेगळा क्लेम होतो, आणि तेवढ्यासाठी क्लेम करू नये असं माझं मत.

वाशिष्ठीकाठ, रविवार रात्री ११:२०

काका, नोंदवला. क्रमांक मिळाला, उद्या सर्व्हेयर फोन करेल म्हणाले. त्या मुलीने विचारलं "कुणाला दुखापत?" तेव्हा मी एक क्षण गप्पच झाले, मग सांगून टाकलं. गॅरेजवाल्याला काय सांगू? तो सकाळी बंपर खोलणार म्हणालाय.

जुनापंच, रविवार रात्री ११:३१

एका स्क्रूलाही हात लावू देऊ नका. सर्व्हेयरने बघितल्याशिवाय गाडी खोलली तर नुकसान अपघातातलं की गॅरेजातलं, यावर भांडण सुरू होतं. त्याने आधी बाहेरून बघायचं, मग त्याच्या सांगण्याने खोलायचं. आत रेडिएटर, सस्पेन्शनचं काही निघालं तर ते पुरवणी अंदाजपत्रकात घालायचं. बदललेले जुने भाग फेकू देऊ नका, दुरुस्तीनंतर पुन्हा तपासणी झाली तर ते दाखवावे लागतात.

घाटातले फोटो काढलेत का?

वाशिष्ठीकाठ, रविवार रात्री ११:३६

भावाने चार काढलेत. एकात मातीवरून घसरल्याची खूण दिसते, एकात नंबर प्लेट आणि कठडा. मोटारसायकलचा एकही नाही.

जुनापंच, रविवार रात्री ११:४४

मातीवरची खूण सोन्यासारखी आहे. ते फोटो व्हॉट्सअॅपवरून फिरवू नका, मूळ फाइल फोनमध्ये राहू द्या, तिच्यात वेळ असते. क्रेनची पावती घेतलीत ना? पॉलिसीत गाडी उचलून नेण्याचे खासगी मोटारीला जास्तीत जास्त १५०० रुपये मिळतात, बाकीचे तीन हजार तुमच्या खिशातून. म्हणून आधी रोडसाइड असिस्टन्सला फोन करायचा असतो, पण घाटात अंधार पडताना हे कुणाला आठवतं?

काळाकोट, सोमवार सकाळी ८:१५

मोटारसायकलवाल्याचा विषय इथे कुणी घेतला नाही, आणि मला तोच मोठा वाटतो. मी सोलापुरात मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे काम करतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे अपघातात कुणी जखमी झालं तर चालकाने त्याला वैद्यकीय मदत मिळवून द्यायची, जागेवर पोलीस नसतील तर लवकरात लवकर आणि फार तर २४ तासांत जवळच्या ठाण्यात कळवायचं आणि विमा कंपनीला लेखी कळवायचं. तुमचे २४ तास उलटून गेलेत. तरीही आजच भावाला घेऊन घाटाखालच्या ठाण्यात जा आणि जे झालं ते लेखी द्या. उशीर का झाला तेही लिहा. पोच घ्या. तुम्ही स्वतः गेलात आणि चार दिवसांनी त्याने तक्रार केली म्हणून तुम्हाला बोलावलं, यात फार फरक आहे.

दोन हजारांबद्दल. पॉलिसीच्या अटींत असतं की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचे नाहीत, आश्वासन द्यायचं नाही. भावाने माणुसकीने दिले हे मान्य. औषधपाण्यासाठी दिले असं कळवा आणि यापुढे एक रुपयाही देऊ नका. मेहुण्याला सांगा, "डॉक्टरला दाखवा, कागद ठेवा, आमच्या विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी क्रमांक हा घ्या." मुख्य म्हणजे फोन टाळू नका. फोन टाळला की साधं खरचटणं वकिलापर्यंत पोचतं, आणि हे मी वकील असून सांगतोय.

खरचटलं असेल तर विषय इथेच संपेल. हाड मोडलं असेल तर कायद्याच्या भाषेत ती गंभीर दुखापत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १६४ खाली गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख, चूक कुणाची हे सिद्ध न करता मागता येतात. त्याहून जास्त हवे तर कलम १६६ खाली अर्ज, तिथे निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. त्या अर्जाला आता अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे. ही रक्कम तुमची विमा कंपनी भरते, पण चालकाचं लायसन्स खरं आणि कागद खरे असले तर. म्हणून काल काकांनी जे सांगितलं ते पुन्हा वाचा.

काडीपेटी, सोमवार सकाळी ९:०२

म्हणजे स्वतःहून पोलिसांच्या दारात जायचं? वकिलांना धंदा.

काळाकोट, सोमवार सकाळी ९:१०

ठाण्यात अर्ज द्यायला वकील लागत नाही. माझा धंदा जे जात नाहीत त्यांच्यावर चालतो.

हिशेबनीस, सोमवार दुपारी १:२५

जेवणाच्या सुट्टीत गणित मांडलं. आकडे नमुन्याचे आहेत, पण घसाऱ्याचे (भाग जुने म्हणून होणाऱ्या कपातीचे) दर खरे. गाडी पाच ते दहा वर्षांची असेल तर धातूच्या भागांवर ४० टक्के कापतात. प्लास्टिक, रबर, बॅटरी, टायर यांवर वय काही असो, ५० टक्के. काचेवर शून्य. मजुरीवर काही नाही. रंगकामाच्या बिलात एक चतुर्थांश रंगाची किंमत धरतात आणि तिच्यावर ५० टक्के.

समजा बिल ९०,००० चं झालं. प्लास्टिक २४,०००, त्यातले १२,००० गेले. पत्रा आणि लोखंड ३०,०००, त्यातलेही १२,००० गेले. पुढची काच ८,००० आणि मजुरी १२,००० पूर्ण मिळाली. रंगकाम १६,०००, त्यातला रंग ४,००० धरला, २,००० गेले. एकूण कपात २६,०००. वर सक्तीची वजावट (दर क्लेमला आपणच सोसायची रक्कम), १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,०००. हातात ६३,०००, खिशातून २७,०००. मोडलेल्या पत्र्याचं भंगार म्हणून थोडं आणखी कापतील. गॅरेजवाला "कॅशलेस" म्हणाला तरी हे २७,००० गाडी सोडवताना रोख मोजावे लागतात. अर्ध्या लोकांना तिथेच कळतं.

आता दुसरं गणित, जे कुणी करत नाही. सहा वर्षांत क्लेम नसेल तर तुमचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) ५० टक्के असणार. क्लेम केला की पुढच्या वर्षी शून्य, मग २०, २५, ३५, ४५, आणि सहाव्या वर्षी परत ५०. क्लेम नसता केला तर प्रत्येक वर्षी ५० मिळाले असते. फरक जोडा: ५०, ३०, २५, १५, ५. बेरीज १२५ टक्के. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता ९,००० असेल तर पाच वर्षांत ११,२५० चा फटका. गाडीची किंमत उतरते तसा हप्ताही उतरतो, म्हणून प्रत्यक्षात थोडा कमीच. म्हणजे ६३,००० साठी क्लेम करा. दाराच्या सहा हजारांच्या पोच्यासाठी केला तर तुम्हीच कंपनीला पैसे दिल्यासारखं होईल.

नवशी, सोमवार दुपारी २:०१

वाचनखूण साठवली! एक बावळट प्रश्न, पीयूसी संपलेलं असेल तर क्लेम नाकारतात का? माझं नेहमी संपलेलं असतं.

जुनापंच, सोमवार दुपारी २:४०

नाकारता येत नाही. २०२० साली तशी अफवा व्हॉट्सअॅपवर फिरली होती आणि विमा नियामकाने खुलासा केला होता. दंड मात्र भरावा लागेल, तेव्हा पीयूसी काढा.

कल्याण_लोकल, सोमवार संध्याकाळी ६:५५

थोडं अवांतर, पण माझ्यासारखा कुणी फसू नये म्हणून. मी तीन वर्षांपूर्वी सेकंड हॅंड गाडी घेतली. आरसी माझ्या नावावर करून घेतली आणि निवांत झालो. पॉलिसीला आठ महिने बाकी होते, म्हटलं संपल्यावर बघू. पाचव्या महिन्यात भिवंडी बायपासला मागून कंटेनरने ठोकलं. कंपनी म्हणाली, पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर, गाडी तुमच्या नावावर, आम्ही कुणाचं नुकसान भरायचं? त्याचं गेलं नाही आणि तुमचा आमच्याशी करार नाही. एक लाख दहा हजार स्वतः भरले. कंटेनरचा नंबर घ्यायचंही सुचलं नाही.

नंतर कळलं की गाडी विकली की थर्ड पार्टीचा (दुसऱ्याच्या नुकसानीचा) भाग आपोआप नव्या मालकाकडे येतो, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा येत नाही. १४ दिवसांत कंपनीला कळवून नाव बदलून घ्यायचं असतं. आणि जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, गाडीबरोबर नाही.

छोटाहत्ती, सोमवार रात्री ९:१५

आमच्या धंद्यातलं सांगतो. माझा टेम्पो आहे, भाजीपाला नारायणगाववरून वाशीला नेतो. बऱ्याच वर्षांपूर्वी टेम्पो उलटला तेव्हा कंपनीने क्लेम अडवला. का, तर माझ्याकडे हलक्या वाहनाचं लायसन्स, त्यावर ट्रान्सपोर्टचा शिक्का नाही. आता तो वाद मिटला. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं असं सुप्रीम कोर्टाने २०१७ ला सांगितलं होतं, मग नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायाधीशांनीही तेच कायम केलं. कुणाला अजून त्या कारणाने अडवत असतील तर त्यांना हे दाखवा. मला उशीर झाला, पण दुसऱ्या कुणाच्या कामी येईल.

खेर्डीकर, सोमवार रात्री १०:२०

चिपळूण नाव वाचून थांबलो. घाटातली माती यंदा फारच येतेय, जपून या.

एक जोडतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या आळीतल्या सगळ्या गाड्या पाण्याखाली होत्या. पाणी ओसरल्यावर शेजाऱ्याने आशेने चावी फिरवली. इंजिनात पाणी, पिस्टनच्या दांड्या वाकल्या. कंपनी म्हणाली, पुराचं नुकसान देतो, इंजिन तुम्ही सुरू करून मोडलंत ते देत नाही. त्याच्याकडे इंजिन प्रोटेक्ट (अशा इंजिनाच्या नुकसानीसाठीची वेगळी जोड) नव्हतं. मी चावीला हात लावला नाही, गाडी उचलून नेली, माझी गाडी टोटल लॉसमध्ये गेली. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांवर गेला की तसं धरतात. दोघांच्या गाड्या एकाच कंपनीच्या, एकाच वर्षीच्या होत्या. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही, जसं काही मीच पाणी सोडलं होतं.

वाशिष्ठीकाठ, गुरुवार रात्री ८:४५

अपडेट देते. मंगळवारी भावाला घेऊन ठाण्यात गेले. हवालदार चांगले होते. नोंद घेतली, पोच दिली, आणि "पुढच्या वेळी लगेच या" म्हणून दम पण दिला. मेहुण्याला मीच फोन केला. एक्स-रे काढलाय, हाड शाबूत आहे, मुका मार. पॉलिसीचा क्रमांक दिला तेव्हा त्याचा आवाज एकदम मऊ झाला. मग आरशाचं बिल विचारलं. तेही कंपनीला कळवलंय.

काल सर्व्हेयर आले. तरुण मुलगा होता, काका, पण तुम्ही सांगितलंत तसंच. बोनेट बघायच्या आधी मागच्या दाराजवळ जाऊन उभा राहिला आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, तो जुना आहे, यात धरू नका. त्यानंतर त्याने एकही खोचक प्रश्न विचारला नाही. गॅरेजवाला मात्र माझ्याकडे असं बघत होता की मी त्याच्या ताटातलं काढून घेतलं.

आता किती दिवस लागतात? आणि कमी पैसे मंजूर केले तर?

जुनापंच, गुरुवार रात्री ९:३०

२०२४ च्या नियामकाच्या परिपत्रकाप्रमाणे सर्व्हेयरने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यापासून ७ दिवसांत कंपनीने निर्णय सांगायचा. कागद अपुरे म्हणून क्लेम फेटाळताही येत नाही, कागद मागून घ्यावे लागतात. तरी जे द्याल ते ईमेलने द्या, फोनवरचं बोलणं हवेत जातं. सर्व्हे रिपोर्टची प्रत मागा. ती तुम्हाला मिळते, लोक मागतच नाहीत.

रक्कम पटली नाही तर "पूर्ण व अंतिम" असं छापलेल्या पावतीवर मुकाट सही करू नका. नाराजी लेखी नोंदवा, कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. महिनाभरात उत्तर नाही किंवा समाधान नाही तर विमा लोकपाल, आपल्याकडे मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे वाद घेतात. त्याआधी बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार टाकली तरी पुष्कळदा फाइल हलते. ग्राहक आयोगाचा रस्ता आहेच, दोन वर्षांच्या आत, पण तिथे लोकपालापेक्षा वेळ जास्त जातो.

काडीपेटी, गुरुवार रात्री ९:५२

एवढं सगळं करून २७ हजार खिशातून जाणारच ना? मग काय उपयोग.

हिशेबनीस, गुरुवार रात्री १०:०४

उपयोग ६३ हजारांचा. वजाबाकी वर दिली आहे.

वाशिष्ठीकाठ, शनिवार सकाळी ११:१०

शेवटचा प्रश्न, मग धागा बंद करते. कठड्याचे तीन दगड खाली गेलेत. आज आईकडे एक माणूस येऊन गेला म्हणे, बांधकाम खात्यातला आहे सांगत होता, कठड्याचं बिल येईल म्हणाला. हे पण आम्हीच भरायचं?

जुनापंच, शनिवार सकाळी ११:४०

माणूस नुसता येऊन गेला असेल तर त्याला काही देऊ नका. खात्याची लेखी नोटीस आली तर ती न भरता, त्याच दिवशी, जशीच्या तशी विमा कंपनीकडे पाठवा. दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान थर्ड पार्टीत येतं आणि खासगी मोटारीला ती मर्यादा साडेसात लाख आहे. तीन दगडांना पुरेल.

खेर्डीकर, शनिवार दुपारी १२:१५

त्या वळणाचे दगड गेल्या पावसाळ्यापासूनच सुटे आहेत. माझ्याकडे मागच्या ऑगस्टमधला फोटो आहे. खरंच नोटीस आली तर मेसेज टाका, पाठवतो.